आकाशातील वाट आणि जमिनीवरचे करार

केडगावच्या स्टेशनावर उभे राहिले म्हणजे दौंडकडे जाणारी गाडी दिसते, पुण्याकडे जाणारी दिसते आणि मधूनच डोक्यावरून एखादे विमान सरकताना दिसते. गाडीला रूळ लागतात, सिग्नल लागतो, फाटकावर माणूस लागतो. विमानाला यांतले काहीच लागत नाही असे खाली उभ्या असलेल्या माणसाला वाटते. आकाश कोणाच्या सातबाऱ्यावर नाही, तिथे बांध नाही, जकातनाका नाही. म्हणून २०१६ सालानंतर ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडायला निघाले आणि ‘करार न होता ही फारकत झाली तर दुसऱ्या दिवशी सकाळी विमाने उडणार नाहीत’ अशा बातम्या छापून येऊ लागल्या, तेव्हा आपल्याकडच्या पुष्कळांना त्या अतिशयोक्तीच्या वाटल्या. व्यापाराचा करार मोडला तर मालावर जकात बसेल, कांदा महाग होईल, मोटारी महाग होतील, हे केडगावच्या कांदाबाजारात वावरणाऱ्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही. पण विमान का थांबावे? व्यापाराचा आणि आकाशाचा संबंध काय? हा प्रश्न साधा आहे आणि बरोबरही आहे. त्याचे उत्तर देण्याचा प्रयत्न आम्ही या लेखात करणार आहोत. ब्रिटनच्या सरकारने त्या अडचणीसाठी कोणती तयारी केली, ती कितपत खरी होती आणि तिच्यातून कोण निसटले, हेही ओघाने येईल.

केडगावापासूनच आरंभ करू. ज्यांच्या मुक्ती मिशनमुळे या गावाचे नाव जगभर गेले, त्या पंडिता रमाबाई १८८३ साली लहानग्या मनोरमेला घेऊन इंग्लंडला गेल्या. गेल्या त्या बोटीने. ती बोट मुंबई बंदरातून निघाली, समुद्र ओलांडून गेली आणि वाटेतल्या समुद्राबद्दल तिला कोणाची परवानगी काढावी लागली नाही. किनाऱ्यापासून दूरचा समुद्र कोणाच्याच मालकीचा नाही हे तत्त्व तोवर जगात रुळून गेले होते. ते आपोआप मात्र रुळलेले नव्हते. एके काळी आमच्या कोकणकिनाऱ्यावरच्या गलबतांना पोर्तुगीजांचा ‘कार्ताझ’ नावाचा परवाना घ्यावा लागे. नसला तर गलबत जप्त होई. डच पंडित ग्रोशियस याने १६०९ साली ‘समुद्र मोकळा आहे’ असे प्रतिपादन करणारे जे पुस्तक छापले, ते पूर्वेकडच्या समुद्रावर पोर्तुगीज सांगत असलेल्या मक्तेदारीविरुद्धच होते. म्हणजे समुद्राच्या मोकळेपणाचा जगप्रसिद्ध वाद काही अंशी आपल्याच किनाऱ्यावरच्या परवान्यांतून निघालेला आहे.

आकाशाचे उलट झाले. पहिल्या महायुद्धात विमानातून बाँब पडू लागले आणि सगळ्या राष्ट्रांनी एकाच वेळी वर पाहिले. १९१९ साली पॅरिस येथे आणि नंतर १९४४ च्या डिसेंबरात शिकागो येथे आंतरराष्ट्रीय करार झाले. शिकागोच्या करारावर आरंभी बावन्न राष्ट्रांनी सह्या केल्या. त्यांत भारतही होता. त्याचे पहिलेच कलम असे आहे की, प्रत्येक राष्ट्राला आपल्या भूमीवरच्या आकाशावर संपूर्ण आणि अनन्य सत्ता आहे. सहावे कलम त्याहून महत्त्वाचे. नियमित वेळापत्रकाने चालणारी विमानसेवा दुसऱ्या राष्ट्राच्या प्रदेशावरून किंवा प्रदेशात, त्या राष्ट्राच्या खास परवानगीवाचून चालवता येत नाही असे ते सांगते. समुद्रावर ‘मनाई नसेल तर जा’ हा नियम आहे. आकाशात ‘परवानगी असेल तरच जा’ हा नियम आहे. साऱ्या प्रश्नाचे मूळ या एका फरकात आहे.

मग जगभर विमाने उडतात ती कशी? दोन-दोन राष्ट्रे आपसांत करार करतात म्हणून. आपल्याला याचा नमुना पाहायला लांब जावे लागत नाही. आपली एस.टी. बेळगाव-हुबळीकडे जाते आणि कर्नाटकाची लाल गाडी स्वारगेटला येते, ती दोन राज्यांच्या परिवहन खात्यांत परस्पर करार असतो म्हणून. कोणत्या मार्गावर, किती फेऱ्या, हे त्यांत ठरलेले असते. तुमच्या इतक्या गाड्या आमच्याकडे, आमच्या इतक्या तुमच्याकडे. २०२२ च्या डिसेंबरात सीमाप्रश्नावरून बेळगावजवळ दगडफेक झाली आणि महाराष्ट्राने कर्नाटकाकडे जाणाऱ्या एस.टी. गाड्या काही काळ थांबवल्या. रस्ता तोच होता, गाडी तीच, चालकही तोच. आणि प्रवासी मात्र पिशवी घेऊन स्टँडवर उभा होता. विमानाचे याहून निराळे नाही. फक्त एस.टी. बंद झाली तर जीपने किंवा पायी हद्द ओलांडता येते, तशी सोय आकाशात नाही.

या करारांतून मिळणाऱ्या हक्कांना ‘हवाई स्वातंत्र्ये’ म्हणतात. नाव भारदस्त असले तरी ती एका पायरीवर एक अशी रचलेली परवान्यांची शिडीच होय. पहिले स्वातंत्र्य म्हणजे न उतरता वरून जाणे. दुसरे म्हणजे इंधनासाठी उतरणे, पण उतारू न घेणे. तिसरे आणि चौथे म्हणजे आपल्या देशातून उतारू परदेशी नेणे व तिकडून आपल्याकडे आणणे. साधी विमानसेवा या दोहोंवर चालते. पाचव्यात परदेशातून तिसऱ्या देशाकडे उतारू नेता येतात. शिडीच्या अगदी वरच्या टोकाला, परक्या देशाच्या आतल्या आत, म्हणजे आपल्या विमानाने दुसऱ्याच्या एका गावाहून त्याच्याच दुसऱ्या गावाला उतारू नेण्याचा हक्क आहे. तो कोणी सहसा कोणाला देत नाही. पहिली पायरीदेखील किती मोलाची आहे हे भारताने अलीकडेच अनुभवले. २०१९ च्या फेब्रुवारीअखेर पाकिस्तानने आपले आकाश बंद केले, ते जुलैच्या मध्यापर्यंत. तेवढ्या काळात लांबच्या वळशापायी एअर इंडियाचे ४९१ कोटी रुपयांचे नुकसान झाल्याचे सरकारने संसदेत सांगितले. २०२५ च्या एप्रिलात तोच प्रकार पुन्हा झाला.

शेजाऱ्याने दार लावून घेतले तर एखादे सरकार काय करू शकते, याचे आपल्या अगदी जवळचे उदाहरण गोव्याचे आहे. ब्रिटनच्या गोष्टीआधी ते पाहिले म्हणजे पुढचे समजणे सोपे जाईल. १९५४-५५ मध्ये गोवामुक्तीचा लढा तीव्र झाला. १५ ऑगस्ट १९५५ रोजी निःशस्त्र सत्याग्रहींवर पोर्तुगीजांनी गोळ्या झाडल्या आणि त्यानंतर भारताने गोव्याशी असलेले व्यवहार जवळजवळ तोडून टाकले. रेल्वे थांबली, सरहद्द बंद झाली, माल जाईना. गोवा कोणत्याही व्यापारी संघाचा रीतसर सभासद नव्हता, ही गोष्ट खरी. पण व्यवहारात तो भारताच्या बाजारपेठेचाच भाग होता. तांदूळ, भाजी, कापड आणि मुंबईत नोकरी करणाऱ्या मुलाची मनिऑर्डर, हे सारे घाटावरून किंवा मुंबईहून येई. ते एकाएकी तुटले.

पोर्तुगालच्या सरकारने यावर जी योजना केली तिच्यात विनवणी नव्हती, खर्च होता. दाबोळीच्या पठारावर विमानतळ उभा राहिला आणि १९५५ सालीच ‘पोर्तुगीज भारताची हवाई वाहतूक’ अशा अर्थाच्या नावाची एक विमान कंपनी सरकारने काढली. तिची विमाने गोव्याहून दमण, दीव आणि कराची येथे जाऊ लागली. या मार्गाकडे नकाशा घेऊन पाहिले म्हणजे त्यातली युक्ती कळते. चारही ठिकाणे समुद्रकाठची आहेत. दूरच्या समुद्रावरचे आकाश समुद्राप्रमाणेच कोणाचे नसते. भारताच्या भूमीवरून एक हातभरही न जाता, भारताकडे परवानगी न मागता, ही विमाने अरबी समुद्रावरून जाऊ शकत होती आणि पलीकडे उतरू देणारे पाकिस्तान होते. आम्हांला पोर्तुगीज सत्तेबद्दल तिळमात्र ममत्व नाही. पण योजना म्हणून ही चतुराईची होती असे म्हणणे प्राप्त आहे. लोहखनिजाच्या निर्यातीतून त्या वर्षांत गोव्याकडे पैसाही येत होता.

तरी ती कोणाच्या उपयोगाची होती? अधिकाऱ्याला कराचीमार्गे लिस्बनची वाट मिळाली. व्यापाऱ्याची निकडीची कामे झाली. पण बार्देशातल्या ज्या म्हातारीचा मुलगा मुंबईत माझगावला नाही तर धोबीतलावला राहून बोटीवर खलाशी होता, तिला कराचीला जायचेच नव्हते. तिला मुंबईला जायचे होते आणि मुंबई आगगाडीच्या वाटेवर होती. सरकारने दूरचे बंदर जोडले. शेजारचे गाव जोडणे त्याच्या हाती नव्हते. ते फक्त शेजाऱ्याच्याच हाती होते. १८ डिसेंबर १९६१ रोजी भारतीय विमानांनी दाबोळीच्या धावपट्टीवर बाँब टाकले. त्याच रात्री खड्डे घाईने बुजवून दोन विमाने कराचीकडे निसटली आणि ती कंपनी तिथेच संपली. पुढच्याच वर्षी घाटातून आगगाडी पुन्हा सुरू झाली.

आता युरोपकडे वळू. वर सांगितलेली स्वातंत्र्यांची शिडी युरोपातल्या राष्ट्रांनी आपसांत जवळजवळ मोडूनच टाकली होती. १९९३ च्या आरंभापासून त्यांनी एक सामाईक हवाई बाजार सुरू केला आणि १९९७ च्या एप्रिलापासून त्यात शेवटची पायरीही मोकळी केली. संघातल्या कोणत्याही राष्ट्राच्या कंपनीने संघातल्या कोणत्याही दोन गावांमध्ये विमान चालवावे, परवानगी मागू नये. ब्रिटिश कंपनी रोमहून सिसिलीला इटालियन उतारू नेऊ शकत होती. स्वस्त तिकिटांच्या ज्या कंपन्या पुढे गाजल्या त्या या मोकळ्या आकाशातच वाढल्या. या सोयीसाठी राष्ट्रांनी आपले जुने दोघादोघांतले करार बाजूला ठेवले. नवी बांधणी इतकी सोयीची होती की जुन्या वाटेवर गवत वाढले.

२३ जून २०१६ रोजी ब्रिटनच्या जनतेने संघ सोडण्याचा कौल दिला आणि मार्च २०१७ मध्ये सरकारने रीतसर नोटीस दिली. दोन वर्षांची मुदत, म्हणजे २९ मार्च २०१९. तोवर करार न झाला तर? मालाच्या बाबतीत एक जमीन तरी पायाखाली होती. जागतिक व्यापार संघटनेचे नियम होते. जकात बसेल, तपासणी होईल, पण माल जाईल. विमानाच्या बाबतीत ती जमीनच नव्हती. त्या संघटनेच्या सेवाव्यापाराच्या करारातून विमान वाहतुकीचे हक्क जाणूनबुजून वगळलेले आहेत. म्हणजे सामाईक हवाई बाजारातून बाहेर पडणारा माणूस एक पायरी खाली उतरत नाही. तो थेट शिकागोच्या सहाव्या कलमावर, ‘परवानगी असेल तरच’ या मूळ जमिनीवर आदळतो. ‘व्यापाराचा करार मोडला तर विमान का थांबावे’ या प्रश्नाचे उत्तर हे आहे. मालाला जकात देऊन पुढे जाता येते. विमानाला जकात देऊन पुढे जाण्याची सोयच नाही.

ब्रिटिश सरकारने २४ सप्टेंबर २०१८ रोजी या विषयावरची सूचनापत्रके प्रसिद्ध केली. त्यांतला मुख्य मजकूर थोडक्यात असा होता : करार न झाल्यास ब्रिटिश व युरोपीय कंपन्यांचा आपोआप मिळणारा हक्क संपेल आणि त्यांना परवानग्या काढाव्या लागतील, आम्ही युरोपीय कंपन्यांना परवानगी देऊ, आणि तिकडूनही तशीच वागणूक मिळेल अशी आमची अपेक्षा आहे. मोठ्या साम्राज्याची परंपरा सांगणाऱ्या सरकारची योजना ‘अपेक्षा आहे’ या शब्दांवर येऊन थांबावी याची त्या वेळी पुष्कळ थट्टा झाली. आमच्या मते ती थट्टा अर्धीच न्याय्य होती. त्याच सुमारास बोटींच्या जादा फेऱ्यांसाठी सरकारने जे ठेके दिले त्यांतला एक, स्वतःची एकही बोट नसलेल्या कंपनीला दिला होता आणि तो काही आठवड्यांत रद्द करावा लागला. तिथे हसणे योग्यच होते, कारण बोटी पैशाने भाड्याने मिळतात आणि त्या मिळवणे सरकारच्या हाती होते. विमानाच्या बाबतीत अर्धी योजना नेहमीच समोरच्याच्या खिशात असते.

परवानगीखेरीज आणखी दोन गाठी होत्या, आणि त्या सामान्य वाचकाला दिसत नाहीत म्हणून त्यांचा उलगडा थोडा सविस्तर करतो. पहिली गाठ मालकीची. संघातली कंपनी म्हणून हक्क हवे असतील तर कंपनीची निम्म्याहून अधिक मालकी आणि प्रत्यक्ष ताबा संघातल्या राष्ट्रांकडे किंवा त्यांच्या नागरिकांकडे असावा लागतो. सहकारी साखर कारखान्याचा ऊस-उत्पादक सभासद कार्यक्षेत्रातलाच असावा लागतो, तसेच हे. आता एका रात्रीत कार्यक्षेत्राची हद्द बदलली आणि निम्मे सभासद हद्दीबाहेर पडले, तर कारखाना कोणाचा? ब्रिटनमधील भागधारक एकाएकी परके ठरणार होते. यावर सरकारपेक्षा कंपन्यांनीच आधी हालचाल केली. ईझीजेट या ब्रिटिश कंपनीने जुलै २०१७ मध्येच व्हिएन्नात एक ऑस्ट्रियन कंपनी उभी केली आणि पुढे शंभरांहून अधिक विमाने तिच्या नावावर चढवली. उलट बाजूने आयर्लंडच्या रायनएअरने आणि हंगेरीच्या विझ एअरने ब्रिटनमध्ये परवाने काढून ठेवले. घरातला वाद मिटेपर्यंत शहाण्या शेतकऱ्याने दोन्ही शिवांत थोडी जमीन घेऊन ठेवावी तसा हा प्रकार होता.

दुसरी गाठ दाखल्यांची. विमानाचा प्रत्येक सुटा भाग, तो बसवणारा कारागीर, विमान चालवणारा वैमानिक, या सर्वांना दाखले लागतात, आणि युरोपात त्यांची व्यवस्था जर्मनीतल्या कोलोन येथील एका सामाईक संस्थेच्या नियमांखाली होती. ब्रिटन बाहेर पडताच ब्रिटनमध्ये दिलेले दाखले संघात कोरा कागद ठरले असते. यात गंमत अशी की, युरोपचा अभिमान समजल्या जाणाऱ्या एअरबस विमानांचे पंख वेल्समधल्या कारखान्यात तयार होतात. दाखला रद्द झाला असता तर फ्रान्स आणि जर्मनीतल्या कारखान्यांत जोडणीला आलेल्या पंखांचे काय करायचे हा प्रश्न ब्रिटनपुढे नव्हे, युरोपपुढे उभा राहिला असता. शिवाय दरवर्षी दीड कोटीहून अधिक ब्रिटिश प्रवासी एकट्या स्पेनमध्ये सुटीला जात. विमाने थांबणे स्पेनच्या हॉटेलवाल्याला कितपत मानवले असते हे सांगायला नको.

म्हणूनच संघाने आपल्या बाजूची तात्पुरती व्यवस्था केली. मार्च २०१९ मध्ये संमत झालेल्या एका नियमाने ब्रिटिश कंपन्यांना सुमारे एक वर्षापुरते तिसरे व चौथे स्वातंत्र्य, म्हणजे ब्रिटनहून युरोपात आणि परत एवढे देऊ केले. अट अशी की ब्रिटनने तेवढेच द्यावे. मालकी दुरुस्त करायला सहा महिन्यांची सवलत होती. दुसऱ्या नियमाने काही दाखल्यांना नऊ महिन्यांची मुदतवाढ मिळणार होती. शिडीच्या वरच्या पायऱ्या मात्र काढून घेतल्या होत्या. ‘अपेक्षा आहे’ या शब्दांवर टाकलेली हुंडी अशा रीतीने वटली. पण ती वटवण्याची तारीख आणि रक्कम दोन्ही समोरच्याने ठरवली.

युरोपाबाहेरचेही एक काम होते, आणि ते ब्रिटिश सरकारने चांगले केले असे आम्ही म्हणू. अमेरिका, कॅनडा, स्वित्झर्लंड अशा सतरा देशांकडे ब्रिटनची विमाने संघाच्या करारांच्या छत्राखाली जात होती. छत्र मिटले तर लंडन-न्यूयॉर्क हा मार्गदेखील उघडा पडला असता. ब्रिटनने या देशांशी एकेक करून स्वतंत्र बोलणी केली. अमेरिकेशी २०१८ च्या नोव्हेंबरातच मतैक्य झाले. भारत मात्र या सतरांत नव्हता. भारत आणि ब्रिटन यांच्यात पूर्वीपासून स्वतंत्र हवाई करार होता. म्हणून मुंबई-लंडन या सरळ विमानाला संघत्यागाने काहीच होणार नव्हते. संघातल्या मोकळ्या आकाशाने ज्या जुन्या वाटांवर गवत वाढवले त्यांत ही वाट नव्हती, हे आपले भाग्य.

मुदत मार्चवरून एप्रिलवर, एप्रिलवरून ऑक्टोबरवर ढकलली गेली. या ढकलाढकलीचा त्रास प्रवाशाला आधीपासूनच होत होता, कारण विमानाची तिकिटे दहा-अकरा महिने आधी विकली जातात. जी वाट पुढच्या उन्हाळ्यात असेल की नाही हे ठाऊक नाही, तिची तिकिटे कंपन्या विकत होत्या. काहींनी तर ‘हक्क न मिळाल्यामुळे विमान रद्द झाल्यास तिकिटाचे पैसे परत, याहून अधिक काही नाही’ असे बारीक टायपात छापून आपली सुटका करून घेतली. शेवटी ३१ जानेवारी २०२० रोजी ब्रिटन रीतसर बाहेर पडले, संक्रमणाचे अकरा महिने मिळाले आणि २४ डिसेंबर २०२० रोजी, मुदतीला एक आठवडा उरला असताना, करार झाला. १ जानेवारी २०२१ पासून तो लागू झाला. ब्रिटनहून युरोपात व परत ही सेवा राहिली. युरोपातल्या दोन गावांमध्ये उतारू नेण्याचा ब्रिटिश कंपन्यांचा हक्क गेला. विमाने थांबली नाहीत.

अर्थात् त्या दिवशी थांबण्यासारखी विमानेच थोडी होती. करोनाच्या साथीने निम्मे जग घरात बसले होते. ब्रिटनमध्ये विषाणूचा नवा प्रकार आढळल्यामुळे भारताने २२ डिसेंबरच्या मध्यरात्रीपासून ब्रिटनकडून येणारी विमाने थांबवली होती आणि ती जानेवारीच्या पहिल्या आठवड्यापर्यंत बंदच राहिली. चार वर्षे ज्या तारखेच्या धास्तीने कागद रंगवले गेले, त्या तारखेला मुंबई-लंडन विमान खरोखरच बंद होते. कारण मात्र त्या कागदांत कोणीच लिहिलेले नव्हते.

आता या सगळ्या तयारीतून कोण निसटले ते पाहू. समजा, केडगावातल्या एका मावशींचा मुलगा ब्रिटनमध्ये लीड्सला नोकरीला आहे. सून बाळंत होणार आहे. मुलगा फोनवर म्हणतो, ‘आई, तुझा व्हिसा आलाय, मी स्वस्तातलं तिकीट काढतो, जर्मनीत फक्त विमान बदलायचं, तिथून माझ्याकडे दोन तासांत.’ २०२० पर्यंत हे बोलणे बरोबर होते. जर्मनी, फ्रान्स यांसारखे देश भारतीय पासपोर्टच्या प्रवाशाकडे, तो विमानतळाबाहेर पडत नसला तरी, केवळ विमान बदलण्यासाठी एक निराळा व्हिसा मागत. त्याला विमानतळ संक्रमण व्हिसा म्हणतात. पण संघाच्या नियमात एक सवलत होती : प्रवाशाजवळ संघातल्या कोणत्याही राष्ट्राचा चालू व्हिसा असेल तर हा निराळा व्हिसा नको. ब्रिटन त्यांच्या सामाईक व्हिसाच्या व्यवस्थेत कधीच नव्हते. तरी संघाचे सभासद होते, म्हणून ब्रिटनचा व्हिसा या कामी चालत असे. मावशींच्या पासपोर्टवरच्या एका शिक्क्याने दोन कामे होत होती आणि त्यातले दुसरे काम होते आहे हे मावशींना, मुलाला, फार काय तिकीट विकणाऱ्यालाही ठाऊक असण्याचे कारण नव्हते.

१ जानेवारी २०२१ रोजी ब्रिटन ‘संघातले राष्ट्र’ राहिले नाही आणि शिक्क्याचे दुसरे काम बंद पडले. अमेरिका, कॅनडा, जपान यांचा व्हिसा चालतो असे नियमात नाव घेऊन लिहिलेले होते. ब्रिटनचे नाव लिहिण्याची गरज पूर्वी कधी पडलीच नव्हती आणि बाहेर पडल्यावर ते कोणी लिहिले नाही. विमानांची, वैमानिकांची, पंखांची, भागधारकांची सोय पाहणाऱ्या दोन्ही बाजूंच्या कागदांत या प्रवाशाला जागा नव्हती. त्यात कोणाचा दुष्टपणा नव्हता. ब्रिटनच्या दृष्टीने ती भारताची नागरिक, युरोपच्या दृष्टीने ती केवळ विमान बदलणारी, आणि भारताच्या दृष्टीने हा दुसऱ्या दोघांचा घरगुती व्यवहार. बार्देशातल्या म्हातारीसारखीच तीही नकाशातल्या रेघेच्या वेगळ्याच बाजूला उभी होती.

असा प्रवासी अडतो कुठे, हेही पाहण्यासारखे आहे. जर्मनीत नव्हे, मुंबईतच. चुकीच्या कागदांनिशी माणूस आणला तर विमान कंपनीला दंड होतो आणि त्याला परत नेण्याची जबाबदारीही तिचीच असते. म्हणून सामान देताना काउंटरवरचा मुलगा पासपोर्ट चाळतो, संगणकात पाहतो आणि म्हणतो, ‘आजी, या कागदावर तुम्हांला बसवता येणार नाही.’ त्या वेळी मावशींच्या हातात ब्रिटनचा खरा व्हिसा आहे, खरे तिकीट आहे, पिशवीत डिंकाचे लाडू आहेत आणि गावाकडची परतीची गाडी सकाळी आहे.

असले नियम कायमचे नसतात. प्रत्येक देश आपली यादी बदलतो, सवलत देतो, काढून घेतो. म्हणून आज काय आहे ते त्या त्या देशाच्या वकिलातीकडे तिकीट काढण्यापूर्वी विचारावे. एका वर्षी शेजारच्यांची आई गेली म्हणून पुढच्या वर्षी आपली जाईलच असे नाही. मुंबईहून लंडनला सरळ जाणाऱ्या विमानाला मधल्या कोणाचाही शिक्का लागत नाही. ते बहुधा महाग पडते. मधे उतरायचेच असेल तर तिकीट विकणाऱ्याला ‘किती वाजता’ याच्या आधी ‘कोणत्या देशात’ असे विचारावे, आणि एकाच विमानतळावर विमान बदलायचे आहे की सामान घेऊन बाहेर पडून दुसऱ्या कंपनीकडे पुन्हा द्यायचे आहे, तेही विचारावे. बाहेर पडायचे असेल तर संक्रमण व्हिसाही पुरत नाही, त्या देशाचा पूर्ण व्हिसा लागतो.